वसुताईचे युरो आणि गुडगावचं यंत्र

दिल्लीहून परत आल्यापासून सांगलीच्या कोर्टात जो भेटतो तो विचारतो, “काय बाई, लाल किल्ला पाहिलात का?” नाही पाहिला. कुतुबमिनार मेट्रोतून दिसला, तोही धुक्यामुळे कमरेपर्यंतच. राष्ट्रपती भवनाच्या बाजूने गेलो तेव्हा मी रागाने खाली मान घालून बसले होते. दिल्लीत जाऊन मी मन लावून पाहिलं ते एकच: गुडगावातल्या एका बाजाराच्या तळमजल्यावरचं पैसे काढायचं यंत्र. लोक ताजमहालसुद्धा एवढा निरखून पाहत नसतील.

तर हे प्रवासवर्णन त्या यंत्राचं आहे. त्याच्यापायी माझ्या भाच्याची नोकरी राहते की जाते अशी वेळ आली, आणि ती वेळ आणणारी मीच होते.

आधी आमची ओळख करून देते. मी शैला, ग्राहक मंचात वकिली करते. बिलाच्या पाठीमागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय ही बाई इडलीसुद्धा खात नाही, असं माझे नातेवाईक म्हणतात आणि ते फारसं खोटं नाही. वसुताई माझी थोरली बहीण. उभी हयात जर्मनीत परिचारिका म्हणून गेली, आता तिथल्याच पेन्शनवर राहते. आमचा एकुलता भाऊ लवकर गेला, तेव्हा त्याचा मुलगा निखिल शाळेत होता. त्याच्या इंजिनिअरिंगचा सगळा खर्च वसुताईने केला. दर महिन्याला तिकडून ड्राफ्ट यायचा, आणि सोबतच्या पत्रात शेवटी एक ओळ ठरलेली असायची: “बँकेने कमिशन खाल्लंच.” त्या निखिलने गुडगावात अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीला दोन्ही आत्यांना बोलावलं. वसुताई जर्मनीहून सांगलीला आली आणि आम्ही दोघी मिरजेहून निजामुद्दीनच्या गाडीत बसलो.

गुडगाव

मेट्रो नुकतीच गुडगावपर्यंत पोचली आहे. खांबांवरून जाणाऱ्या गाडीतून बाहेर पाहिलं तर एका अंगाला काचेचे मनोरे आणि दुसऱ्या अंगाला मोहरीचं पिवळं शेत, बांधावर गोवऱ्यांचे ढीग. मनोऱ्यांच्या पाट्यांवर इंग्रजी नावं, गोवऱ्यांवर थापणाऱ्या बाईची बोटं. मला गोवऱ्यांचा जास्त भरवसा वाटला.

निखिलच्या सोसायटीच्या फाटकावर वहीत नाव, गाव, येण्याचं कारण लिहावं लागतं. सांगलीत पाहुणा आला तर शेजारचेच विचारतात; इथे त्यासाठी पगारी माणसं ठेवली आहेत. वीज दर थोड्या वेळाने जाते, मग खाली जनरेटर गुरगुरतो आणि अकराव्या मजल्यावरच्या भांड्यांना बारीक थरथर सुटते. पाणी टँकरचं. पण हॉल असा, की आमच्याकडे तेवढ्यात दोन बिऱ्हाडं राहतील. निखिलची बायको पल्लवी मुंबईची, तीही आयटीतली. सकाळी तिने पोहे केले आणि वर दह्याची वाटी ठेवली. म्हणाली, “इथे सगळे असंच खातात, आता आम्हालाही बिल्कुल सवय झालीय.” त्यांची लेक ईरा पोळीला रोटी म्हणते आणि कोशिंबिरीला सॅलड. वसुताईचं मराठी तीस वर्षांपूर्वीचं, तिला ‘आडणी’, ‘फडताळ’ असले शब्द लागतात. एकाच टेबलावर त्या दोघींमध्ये मला दुभाषी व्हावं लागलं.

“तू नेमकं करतोस काय रे?” मी निखिलला विचारलं.

“पेमेंट्समध्ये आहे आत्या. बँकांसाठी काम करतो आम्ही. प्रॉडक्ट.”

एखादा रेल्वेत आहे म्हणाला की आपण पुढे विचारत नाही, तसं मीही पुढे विचारलं नाही.

बाजार

वास्तुशांतीची भेट म्हणून वसुताईला पितळी कड्यांचा झोपाळा द्यायचा होता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निखिलच्या ऑफिसजवळच्या बाजारात गेलो. बाजार म्हणजे चार मजली, वातानुकूलित, सरकते जिने असलेला. आधी एका मोठ्या दुकानात पलंगपोस घेतले. तिथे वसुताईने आपलं जर्मन कार्ड दिलं, सही केली, झालं. बाहेर गाड्यावर छोले-कुलचे खाल्ले. कुलच्याला लोणी इतकं, की वसुताईने त्याची किंमत युरोत सांगितली आणि मग कोलेस्टेरॉलही सांगितलं. हिची ही खोडच आहे. भाजी, रिक्षा, साडी, काहीही असो, आकडा युरोत आल्याशिवाय तिच्या जिवाला चैन नाही.

झोपाळा मिळाला तो मागच्या गल्लीतल्या एका मारवाडी दुकानात. सागवानी पाट, जाड साखळ्या, कड्यांवर मोर. भाव ठरला. वसुताईने कार्ड पुढे केलं तसा दुकानदार म्हणाला, “आंटीजी, कार्ड पे दो परसेंट एक्स्ट्रा लगेगा. कैश दे दो तो नहीं लगेगा.”

माझ्यातला वकील ताडकन उठून बसला. ही वसुली बेकायदेशीर आहे, असं मी त्याला हिंदीत सुनावलं. माझं हिंदी म्हणजे मराठीला ‘है’ लावलेलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि पाणी मागवलं. शेवटी मीच म्हटलं, “ताई, फुकटचे दोन टक्के कशाला? बाजाराच्या तळमजल्यावर यंत्र आहे, रोख काढू.”

यंत्राच्या काचेच्या खोपट्याबाहेर मफलर गुंडाळलेला रखवालदार बसला होता. वसुताईने कार्ड घातलं, रक्कम दाबली. पडद्यावर इंग्रजीत मजकूर आला. तुमचं कार्ड युरोचं आहे, ही रक्कम इतके युरो होते, हा दर तुम्हाला हमखास मिळेल. खाली दोन शब्द: हिरव्यात ‘ॲक्सेप्ट’, करड्यात ‘डिक्लाइन’.

“बरं झालं बाई,” वसुताई म्हणाली, “युरोतच दाखवतंय. हिशेबाची कटकट नाही.”

दर तिथे छापलेला होता, हे मी शपथेवर सांगेन. मी तो वाचलाही. पण त्या दिवशीचा खरा भाव काय, ते मला कुठे ठाऊक? आणि ‘डिक्लाइन’ दाबलं तर काय होईल? पैसे येणार नाहीत? परमुलखातलं कार्ड आत अडकलं तर? तेवढ्यात रखवालदाराने मान आत घातली. “मैडम, ॲक्सेप्ट ही दबाइए. सब वही दबाते हैं.”

मीच वसुताईच्या हातावरून हात पुढे केला आणि हिरवं दाबलं. एका खेपेला रक्कम कमीच मिळत होती, म्हणून पुन्हा कार्ड घातलं, पुन्हा दाबलं, पुन्हा एकदा दाबलं. झोपाळा आला. दुकानदाराचे दोन टक्के वाचवल्याच्या आनंदात मी वसुताईला गाजराचा हलवा खायला घातला.

कायदेशीर

त्या संध्याकाळी पल्लवीने आपल्या लॅपटॉपवर वसुताईला तिचं बँकेचं खातं उघडून दिलं. एकाच दिवशीचे व्यवहार एकाखाली एक होते. पलंगपोसांचे रुपये एका दराने युरोत गेले होते आणि यंत्रातले दुसऱ्याच दराने. वसुताईने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मी कागदावर गुणाकार केला. यंत्राच्या दराने शंभरामागे आठ-नऊ रुपये जास्तीचे कापले होते. दोन वाचवायला गेलो आणि चौपट देऊन आलो.

माझं डोकं फिरलं. वसुताईच्या पैशांपेक्षाही, वकील म्हणून मी फसले याचा राग जास्त होता, कबूल करते. “ही उघड लूट आहे,” मी म्हटलं. “दुकानदाराने निदान तोंडाने सांगितलं की दोन टक्के घेतो. या यंत्राने हमी म्हणून सांगितलं. मी नोटीस काढणार. बँकेला नाही, हे यंत्र चालवणारी कंपनी जी कोण असेल तिला. पावतीवर नाव आहे.”

पावतीवरचं नाव मी मोठ्याने वाचलं.

पल्लवीने लॅपटॉप मिटला. निखिल ईराचं दप्तर भरत होता, तो थांबला. खाली जनरेटर सुरू झाला आणि फडताळातल्या पेल्यांनी किणकिण केली.

“आत्या,” निखिल म्हणाला, “ती आमची कंपनी आहे.”

त्या कंपनीच्या पगारावर घेतलेल्या घरात मी बसले होते, तिच्याच पगाराच्या भाताची चव अजून तोंडात होती.

“आणि ते कायदेशीर आहे,” तो पुढे म्हणाला. आवाज ऑफिसातला वाटला. “दर आधी दाखवतो. हो किंवा नाही म्हणायचा पर्याय देतो. तुमची संमती असते. लीगलने सगळं क्लिअर केलेलं आहे.”

“संमती? अरे, नाही म्हटलं तर पैसे येतात की नाही हेच कळत नाही तिथे.”

“येतात ना. डिक्लाइन दाबलं की व्यवहार रुपयांतच होतो आणि ताईआत्याची बँक स्वतःच्या दराने युरो कापते. तो दर बहुतेक वेळा चांगला असतो.”

“हे पडद्यावर लिहिलंय का?”

निखिलने दप्तराची चेन ओढली. वसुताई एवढंच म्हणाली, “चल, दाखव मला. मला बघायचंय डिक्लाइन दाबल्यावर काय होतं.”

मुलीला पल्लवीजवळ ठेवून आम्ही तिघं गाडीने बाजारात आलो. दुकानं उघडी होती, रोषणाई होती, रताळ्याची चाट विकणाऱ्याच्या गाडीवरून धूर येत होता. एरवी मी ती चाट सोडली नसती. निखिल यंत्रापासून हातभर दूर, दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घालून उभा राहिला. वसुताईने कार्ड घातलं. तोच पडदा आला. तिने करडा शब्द दाबला.

पैसे आले नाहीत. दुसरा पडदा आला, लाल कडेचा. तुम्ही हमखास दर नाकारत आहात. तुमची बँक तुम्हाला अज्ञात दर लावू शकते. नक्की पुढे जायचं आहे का? आणि पुन्हा एक मोठं हिरवं बटण: ‘मागे जा’. त्याच्याखाली बारीक करड्या अक्षरांत ‘पुढे जा’.

वसुताईचं बोट हवेत थांबलं. जिने आयुष्यभर लोकांच्या शिरा शोधून सुया टोचल्या, तिचं बोट त्या काचेसमोर पुढे सरकेना. तिने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, मलाही भीती वाटली. सगळं समजूनसुद्धा वाटली.

“दाब, ताईआत्या,” निखिल मागून म्हणाला. “काही होत नाही.”

तिने ‘पुढे जा’ दाबलं. यंत्र घरघरलं आणि नोटा बाहेर आल्या, नेहमीसारख्या.

रखवालदार वाकून पाहत होता. “अच्छा,” तो म्हणाला, “इससे भी आ जाता है?”

मी निखिलकडे वळले. “हा लाल पडदा कशासाठी आहे?”

“लोक डिक्लाइन दाबत होते. कमी करायचं होतं ते.”

“कोणी लिहिला?”

तो यंत्राकडे पाहत म्हणाला, “मी.”

वसुताईने नोटा न मोजता पर्समध्ये घातल्या आणि गाडीकडे चालू लागली.

आर. के. पुरम

दुसऱ्या दिवशी गजभियेसाहेबांकडे जेवायला जायचं आधीच ठरलं होतं. माझ्या भावाचे हे कॉलेजातले मित्र, नागपूरचे, केंद्र सरकारात उपसचिव. आर. के. पुरमला सरकारी क्वार्टर. निखिलने सोडायला यायचं होतं, पण सकाळी तो लवकर ऑफिसला निघून गेला. म्हणून आम्ही दोघी मेट्रोने आणि पुढे रिक्षाने गेलो. राष्ट्रपती भवनाचा रस्ता वाटेत नव्हता. वसुताईला पाहायचं होतं म्हणून रिक्षावाल्याने वळसा घेतला आणि त्या वळशात मी मघाशी सांगितलं तशी मान खाली घालून बसले होते.

गुडगावातून आर. के. पुरमला आलं की कुणी आवाज कमी केल्यासारखं वाटतं. एकसारख्या पिवळ्या इमारती, कडुनिंब, गच्चीवर वाळत घातलेल्या रजया, उन्हात खुर्च्या टाकून शेंगा सोलणाऱ्या बायका. एका जिन्यावर तमिळ, दुसऱ्यावर बंगाली, तिसऱ्यावर आपलं मराठी. गजभियांच्या दिवाणखान्यात बुद्धाची छोटी मूर्ती, घटनेची जाड प्रत आणि ऊब देणारा एक म्हातारा हीटर. वहिनींनी सांबारवड्या केल्या होत्या. सांबार म्हणजे विदर्भात कोथिंबीर. आत खोबरं, खसखस, वरून कढी. रागावलेल्या माणसाने खाऊ नये असा पदार्थ, राग उतरतो.

मी नावं न घेता सगळी हकिकत सांगितली. गजभियेसाहेबांनी कढीची वाटी खाली ठेवली.

“दर सांगितला होता का, शैलाताई?”

“सांगितला.”

“नाही म्हणायची सोय होती?”

“होती. घाबरवून, पण होती.”

“मग कागदावर तो मामला कायदेशीर आहे. ही दोन पथ्यं पाळली की बाकी कुणी विचारत नाही. बाजार खुला झाला तेव्हा आपण फाटक उघडलं. आत कोण काय घेऊन येतंय ते पाहायला माणूस ठेवायचं राहूनच गेलं.”

“पण संमती मोकळी हवी,” मी म्हटलं. “भुलवून, धास्ती घालून घेतलेला होकार हा होकार नव्हे. आणि ग्राहक कायद्यात याला अनुचित व्यापारी प्रथा म्हणतात.”

“बरोबर बोलता. मीही तेच म्हणीन. फक्त कंपनी म्हणेल, आम्ही सावध केलं, घाबरवलं नाही. मग तुम्हाला सिद्ध करावं लागेल की तो मजकूर मुद्दाम तसा लिहिला.” त्यांनी वडीचा तुकडा मोडला. “आणि ‘मुद्दाम’ हे सिद्ध करायला आतला माणूस लागतो, बघा. तो काही मिळत नाही. कोण आपल्या पोटावर पाय आणेल?”

वसुताईने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तिच्याकडे पाहिलं नाही. वहिनींनी आणखी दोन वड्या वाढल्या आणि मी त्या खाल्ल्या, चव न कळता.

परत आलो तेव्हा पल्लवी घरीच होती, दुसऱ्या दिवशीच्या पूजेची तयारी करत. स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली आणि नारळ सोलता सोलता म्हणाली, “आत्या, एक विचारू? तुम्ही त्याला साक्षीला बोलावणार आहात का?”

मी पुढचा नारळ हातात घेतला.

“तो रात्रभर झोपला नाहीये. या घराचे हप्ते पंधरा वर्षं आहेत. त्याचं नाव आलं तर त्याला फक्त काढणार नाहीत, या लाइनमध्ये कुणी घेणार नाही. तुमचा राग बरोबर आहे यार, मला पण आला. पण इथे आपलं कोण आहे सांगा ना?” ती रडत नव्हती. नारळाची शेंडी ओढून ओढून तिची बोटं लाल झाली होती.

मी तिला शब्द दिला. नोटिशीत निखिलचं नाव येणार नाही, आणि यंत्रासमोर तो जे बोलला त्यातलं एक अक्षर येणार नाही. शब्द देताना मला कळत होतं की आतल्या माणसाशिवाय माझी नोटीस म्हणजे बिनदाताचं कुत्रं. भुंकेल, चावणार नाही. पण शब्द दिला.

वास्तुशांत

वास्तुशांत छान झाली असं सगळे म्हणाले. गुरुजी दिल्लीतलेच, संकल्प संस्कृतात, सूचना हिंदीत आणि दक्षिणेची चौकशी मराठीत. होमाचा धूर झाला तशी छतावरची कसलीशी भोंगा-यंत्रणा केकाटायला लागली आणि सोसायटीचे दोन रखवालदार पळत वर आले. गुरुजी मंत्र न थांबवता एका हाताने त्यांना ‘ठीक है, ठीक है’ करत राहिले. एरवी मी या प्रसंगावर महिनाभर हसले असते. निखिल सोवळं नेसून पाटावर बसला होता आणि आमच्याकडे बघायचं टाळत होता. जेवताना त्याने वसुताईच्या पानात जिलबी वाढली, तीही पानाकडे बघून.

दुपारी बाल्कनीत झोपाळा टांगला. पाहुणे पांगल्यावर मी त्याच झोपाळ्यावर बसून नोटिशीचा मसुदा पुरा केला. निखिलच्या घरात, वसुताईने दिलेल्या झोपाळ्यावर बसून निखिलच्या कंपनीला नोटीस. वकिली धंद्यात असं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. ते पटलं नाही. पत्ता घातला तो पावतीवरचा, गुडगावच्या त्या काचेच्या मनोऱ्याचा. नोटिशीत पत्त्याला मी फार जपते. पत्ता चुकला की नोटीस माहेरवाशिणीसारखी परत येते आणि समोरचा हात झटकून मोकळा होतो.

मसुदा वसुताईपुढे ठेवला. “सही कर. अशील तू आहेस.”

तिने सावकाश वाचला. “निखिलचं काही नाही यात.”

“पल्लवीला शब्द दिलाय.”

“बरं केलंस.” ती जरा वेळ झोपाळा पायाने हलवत बसली. “शैले, मला पैशाचं दुःख नाही गं. तिकडून ड्राफ्ट पाठवायचे तेव्हा बँक कमिशन खायची, तेव्हा मी म्हणायचे, जाऊ दे, पोरगं शिकतंय. पोरगं शिकलं, आणि हे शिकलं. याचं मला वाईट वाटतंय.”

मी मसुद्याची पानं सारखी केली.

“सही मी करीन,” ती म्हणाली, “पण त्याने वाचल्याशिवाय नाही. त्याच्या पाठीमागे मला काही करायचं नाही. त्याने ‘नको’ म्हटलं, तर मी फाडून टाकीन.”

“अगं, समोरच्या पक्षाला मसुदा कुणी दाखवतं का?”

“तो समोरचा पक्ष नाही. आपला निखिल आहे.”

निजामुद्दीन

सकाळी धुकं असं, की गाडीचे दिवे लावूनही पुढची गाडी दिसत नव्हती. निखिल आम्हाला सोडायला आला. पल्लवीने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सोललेले किन्नू बांधून दिले होते. किन्नू म्हणजे तिकडची संत्री, नागपूरच्या माणसासमोर नाव काढू नये अशी. वाटेत निखिलने गाड्या उशिरा सुटतात, गरम पाण्याची बाटली जवळ ठेवा, असलं काहीबाही सांगितलं. मी ‘हो, हो’ म्हणत राहिले. पिशवीतला मसुदा मला नारळासारखा जड वाटत होता.

गाडीला उशीर होताच. फलाटावर चहा घेतला. वसुताईने मातीचा पेला संपवला, पिशवीतून कागद काढला आणि निखिलच्या हातात दिला. “वाच. मग मी सही करायची की फाडायचा, ते तू सांग.”

तो उभ्यानेच वाचू लागला. धुक्यात कागद ओलसर होत होता. शेजारी एक शीख कुटुंब ट्रंकांवर बसून पराठे खात होतं आणि लोणच्याचा वास येत होता. निखिलने पहिलं पान उलटलं, दुसरं वाचलं, पुन्हा पहिल्यावर आला. आपलं नाव कुठे आहे ते तो शोधत होता, हे मला कळत होतं. ते त्याला सापडलं नाही. त्याचे ओठ त्याच्या बापासारखे आवळले गेले.

“माझं काहीच नाही लिहिलंस, आत्या.”

“नाही.”

“मग हे टिकणार नाही.”

“ठाऊक आहे मला.”

गाडीची घोषणा झाली. हमालांची धावपळ सुरू झाली. वसुताई उठली नाही, तिची नजर त्याच्या हातावर होती. मला वाटलं, आता तो कागद घडी करून खिशात घालणार, आणि वसुताई एक शब्द न बोलता गाडीत चढणार. तसं झालं असतं तर त्या दोघांमधलं काहीतरी कायमचं तुटलं असतं, हेही मला तिथे उभं असताना स्वच्छ दिसत होतं.

निखिलने खिशातून पेन काढलं. कागद खांबावर टेकवला, मी घातलेला पत्ता एका रेघेने खोडला आणि वर बारीक अक्षरात दुसरा लिहिला.

“गुडगावला पाठवलीस तर परत येईल,” तो म्हणाला. “तिथे नोटिसा घेतच नाहीत, रिसेप्शनला तसं सांगून ठेवलंय. रजिस्टर्ड ऑफिस फरीदाबादला आहे. तिथे पाठव. ताईआत्या, कर सही.”

वसुताईने त्याच्याच पेनाने सही केली. मग त्याच्या गालावरून हात फिरवला आणि गाडीत चढली. गाडी हलेपर्यंत तो खिडकीपाशी उभा होता. सुटली तसा दोन पावलांतच धुक्यात दिसेनासा झाला.

सांगलीला आल्या आल्या मी नोटीस रजिस्टर केली. मागच्या आठवड्यात पोचपावती आली, फरीदाबादच्या शिक्क्याची, खाली कुणाची तरी फराटेदार सही. वसुताई तोवर जर्मनीला परतली होती. तिला फोन केला तर म्हणाली, “मला काय सांगतेस, निखिलला सांग आधी.” म्हणून त्याला लावला.

“पोचली रे तुझ्या कंपनीला,” मी म्हटलं.

“माहीत आहे आत्या. माझ्याच टेबलावर आलीय. पडद्याचं काम माझ्याकडे होतं ना, म्हणून लीगलने उत्तराचा मसुदा मलाच लिहायला सांगितलाय.”

मागे झोपाळ्याच्या कड्या करकरत होत्या; ईरा बसली असावी. मी जीव मुठीत धरून विचारलं, “मग? काय लिहितोयस?”

“‘दुसरा पडदा मी लिहिला, आणि लोकांनी नाही म्हणू नये म्हणूनच लिहिला.’ एवढं झालंय,” तो म्हणाला. “पुढचं उद्या लिहीन.”